गालावरची खळी

“यांचे चेहरे कुठे गेले?” कुवाबारांनी चित्राचा कागद उजेडात धरला.

मोरिझो खाली मान घालून कुंचला धूत राहिला. लहान मुलांच्या किमोनोंवरची चित्रं काढण्यात क्योटोत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पूर्वी तो आगगाड्या काढायचा, विमानं काढायचा, उंच इमारती काढायचा. आता कुवाबारांसारख्या कापडवाल्यांना फक्त रणगाडे आणि सैनिक हवे होते. रणगाडे तो हुबेहूब काढी. सैनिक मात्र सगळे पाठमोरे.

“अहो, लेकरांचं कापड हे! हसरे चेहरे हवेत. हा माणूस लढाईवर नाराज आहे का, असं विचारतात लोक मला. पोलिसांच्या कानावर गेलं, तर तुमच्याबरोबर मीही आत.”

“उद्या देतो,” मोरिझो म्हणाला.

ते गेल्यावर त्याच्या बायकोनं, तोसेनं, चहा आणून ठेवला. “देऊन टाका ना चेहरे. कुणाचेही काढा.”

“कुणाचाही काढायला घेतला की तामोत्सुच येतो.”

तामोत्सु, त्यांचा एकुलता एक मुलगा, वसंतात चीनमधल्या लढाईत पडला होता. घरी आली ती पांढऱ्या कापडात बांधलेली अस्थींची पेटी.

मोरिझो दिवसभर कागदासमोर बसून होता. संध्याकाळी त्याला एकच वाट दिसली. सैनिक तामोत्सु त्याच्यानं काढवत नव्हता. पण लहानगा, गोबरा, एकाच गालावर खळी पडणारा तामोत्सु? त्याला कुणी लढाईवर नेलं नव्हतं. नेऊ शकतही नव्हतं. मोरिझोनं सगळ्या सैनिकांना तोच चेहरा दिला.

“छोटे शिपाई!” कुवाबारा उडालेच. “काय गोड दिसतायत हो! बघा कसे खपतात.”

नोव्हेंबरात पाच वर्षांच्या मुलांना देवदर्शनाला नेतात. त्या दिवशी कुवाबारांनी नवरा-बायकोला आग्रहानं देवळात बोलावलं. पायऱ्यांवर नव्या किमोनोंची गर्दी होती. एका आईनं कौतुकानं आपल्या मुलाला वळवून पाठ दाखवली. रणगाड्यावर बसून तामोत्सु हसत होता. पुढच्या मुलाच्या पाठीवरही तोच. त्याच्या पुढच्याही.

तोसेनं नवऱ्याची बाही घट्ट धरली.

“मोठा होऊन गेला होता हो तो,” ती म्हणाली. “तुम्ही त्याला पाचव्या वर्षीच पाठवलंत.”