नव्या काचेवरची पावलं

स्फाक्स शहरातल्या गॅरेजमधून मुंधिर गाडी घेऊन आला. पुढची तडकलेली काच काढून नवी बसवली होती. बायको जलीला कौतुकाने शेजारी बसली. तिच्या समोरच काचेवर दोन नाजूक, अनवाणी पावलांचे ठसे होते.

"कोण बसली होती इथे पाय वर करून?"

"अगं, काच आत्ताच बसवलीय! मी तडक घरी आलो."

"मग काय मिस्त्रीचे पाय आहेत एवढे चिमुकले?"

तिने रुमालाने काच आतून घासली. खाली उतरून बाहेरूनही घासली. ठसे हलेनात.

"पुरे झालं! तिकडे आई कुसकुस रांधून जेवायला खोळंबलीय," म्हणत आत बसलेला मुंधिर मोठ्याने हसला.

तशी जलीलाच्या डोळ्यांदेखत काचेवरच्या त्या पावलांची बोटं लाजून आखडली.