सातवं प्रकरण
सुट्ट्यांच्या हंगामात बॅगांच्या दुकानातून घरची माणसं चिपाड होऊन परतायची आणि जेवताना मोबाइलमध्ये तोंड खुपसायची. दिवसभर एकटे असलेले आजोबा चार शब्दांसाठी कासावीस झाले. शेवटी त्यांनी युक्ती काढली: सगळ्यांत मिळून एक कादंबरी, पानांत प्रत्येकाची वेगळी खूण, जेवताना तिच्यावरच गप्पा. टेबल बोलू लागलं. आजोबांचीच खूण सगळ्यांच्या मागे. “बाबा, गोगलगायसुद्धा पुढे गेली!” सून चिडवायची. आज भिंगातून वाचत ते सातव्या प्रकरणाशी पोचले आणि हबकले. त्याची पानं छापखान्यात कापायचीच राहिली होती, उघडतच नव्हती. बाकीच्यांच्या खुणा मात्र त्याच्याही पुढे ऐटीत उभ्या. ताटावर बसल्यावर मुलगा म्हणाला, “सातवं वाचून रडूच आलं!” “मलाही,” सुनेनं सुस्कारा सोडला. आजोबांनी टेबलावरच्या उपड्या मोबाइलांकडे पाहिलं आणि हात जोडले. “पुढचं सांगू नका रे! मी अजून सहाव्यातच आहे.”