पुठ्ठ्याच्या चाळीतली दहावी आकृती

पोलिसांच्या गोळीबाराला वर्ष झालं, तेव्हा मंडळानं मला प्रदर्शनासाठी आमच्या लालबागच्या गल्लीचं पुठ्ठ्याचं मॉडेल करायला सांगितलं. जिथं माणूस पडला, तिथं पांढरी आकृती हवी होती. डिंक फासलेल्या कागदावर पांढऱ्या रंगानं मी आडवी माणसं काढली, कागद भिजवून रंगाचे ते पापुद्रे सोडवले आणि मॉडेलच्या रस्त्यावर चिकटवले. नऊ मेले, नऊ आकृत्या.

"दहावी तुझ्या गुणाजीची कर," शेजारची रमाबाई म्हणाली. "त्या दिवशी गेला तो गेलाच रे, कुशाबा. पोराचे दिवस तरी घाल."

"प्रेत दाखव, मग घालतो! फुकटची अक्कल नको."

घरात मी एकटा. तरी ताटं दोन घेतो. माझा पोरगा मेलेला नाही.

सोमवारी घरात ठेवलेल्या मॉडेलच्या नाक्यावर दहावी आकृती दिसली. कुणाचा तरी हलकटपणा म्हणून मी ती ब्लेडनं खरवडली. मंगळवारी ती चाळीच्या जिन्यापाशी होती. पुन्हा खरवडली. बुधवारी ती गॅलरीत होती, आमच्या दारापासून चार खोल्यांवर. त्या दिवशी ब्लेड उचलवलं नाही. पोरगा घराकडे येत होता. त्याला मी कशाला अडवू?

आज दुपारी ती मॉडेलमधल्या आमच्या दारातच होती. बाकीच्यांसारखीच आडवी.

तेवढ्यात बाहेरून रमाबाईचा कापरा आवाज आला.

"कुशाबा, आत आहेस ना? दार उघडू नको. तुला माझ्या गळ्याची शपथ, उघडू नको!"

मी कडी काढली.