एकमताचा पूल

पहिली काठी साळवे इंजिनिअरांच्या खांद्यावर बसली, दुसरी कानशिलावर. चष्मा उडून कठड्यापाशी पडला. एबनेझर साळवेंनी तरी लोखंडी फाटकाची साखळी सोडली नाही. कुलूप लावायला सवडच मिळाली नव्हती. साखळी त्यांनी हातानंच आवळून धरली होती.

त्यांच्या मागे नदीवरचा जुना पूल, समोर उसाच्या चौदा ट्रॉल्या, ट्रॅक्टर चालूच. तिसरा खांब खालून खचलाय, जड वाहन गेलं तर पूल कोसळेल, असं साळवेंनी सकाळी ग्रामसभेत नकाशा धरून सांगितलं होतं. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग सरपंच सावळाराम आप्पांनी विचारलं, पूल मजबूत आहे असं कुणाकुणाला वाटतं? सगळे हात वर. ठराव एकमतानं मंजूर. खांबाची ताकद हात मोजून ठरवणाऱ्या या शहाण्यांना काय म्हणावं!

"सोडा साखळी, सायेब," आप्पा म्हणाले. "शिरूरवरनं वळसा मारायचा म्हंजी उसाचं चिपाड हुईल. गावाचा ठराव हाय."

"ठराव गावाचा आहे, आप्पा. खांबाला तो कोण वाचून दाखवणार?"

आप्पांचा पुतण्या विश्वजीत पुढं झाला. त्यानं साखळीवरच्या बोटांवर काठी घातली. एकदा, पुन्हा एकदा. उजव्या हाताची बोटं मोडली. साळवे किंचाळून खाली बसले आणि डाव्या हातानं साखळी धरून राहिले. मग लाथा सुरू झाल्या, पोटात, तोंडावर. सकाळी ज्यांनी त्यांना आग्रह करून चहा पाजला, तेच मारत होते. बघणाऱ्यालाही लाज वाटावी असा तो प्रकार होता.

शेवटी हात सुटला. दोघांनी त्यांना फरफटत कडेला टाकलं. विश्वजीतनं फाटक ढकललं.

"चला रं!" आप्पा ओरडले.

पहिल्या ट्रॅक्टरवर बन्सी होता. त्यानं पुलाकडं बघितलं. रक्तानं माखलेल्या साळवेंकडं बघितलं. मग खांद्यावरच्या टॉवेलानं शेजारच्या मडगार्डवरची धूळ पुसली.

"या, आप्पा. बसा हितं. पैली खेप तुमच्यासंगं करू."

आप्पा जागचे हलले नाहीत. मागचे ट्रॅक्टर एकेक करत बंद होऊ लागले.