साडेपाच फुटांवरची पेटी

पेटी भिंतीवर साडेपाच फुटांवर ठोकलेली होती, कारण हेडसर पावणेसहा फूट होते आणि सरकारकडे पाठवायच्या फोटोत दोघंही यायला हवे होते. पेटीवर लिहिलं होतं, ‘मुलांनो, न घाबरता सांगा’. आठ महिन्यांत एकाही मुलानं काही सांगितलं नव्हतं, त्यामुळे सगळं आलबेल आहे असा शाळेचा समज होता. क्लार्कभाऊंनी तर वर्षभराचे बाराही मासिक अहवाल एका बैठकीत टाइप करून, त्यावर हेडसरांच्या सह्या घेऊन ठेवले होते. तक्रारी : निरंक.

साडेचारला मावशी व्हरांडा झाडत आली, तेव्हा पाणी प्यायला म्हणून वर्गातून आलेली तिसरीतली एक मुलगी पेटीखाली उड्या मारत होती. हातात घडी केलेला कागद. चौथ्या उडीला कागद फटीच्या कडेवर आपटला आणि खाली केरात पडला.

“मावशी, तेवढा आत टाकता?”

“टाकते की. पण मी वाचू का आधी?”

मुलीनं बराच वेळ स्वतःच्या बुटांकडे पाहिलं. “वाचा. पण मोठ्यानं नको.”

‘मला व्हॅनमध्ये पुढे बसायचं नाही. काका सगळ्यांना सोडून मला शेवटी सोडतात. माझं घर पहिलं येतं.’

मावशीनं झाडू भिंतीला टेकवला. अर्धा व्हरांडा तसाच टाकून उठण्याची सव्वीस वर्षांतली ही पहिलीच वेळ. घंटेजवळच्या आपल्या स्टुलावर तिनं मुलीला बसवलं. “इथून हलायचं नाही. कुणी विचारलं तर सांग, मावशीनं बसवलंय.” आणि ती ऑफिसात शिरली.

हेडसरांनी चिठ्ठी वाचली, घडी केली, पुन्हा उलगडली.

“पेटीत सापडली?”

“पेटीखाली.”

“हं.” हेडसरांना जरा हायसं वाटलेलं दिसलं. “म्हणजे रीतसर आलेली नाही. पेटी कधी उघडतो आपण?”

“महिन्याच्या शेवटच्या शनिवारी, समितीसमोर,” क्लार्कभाऊ म्हणाले.

“आज तारीख?”

“आठ.”

“मग टाका पेटीत, मावशी. नियमानं जाऊ.”

“व्हॅन पाचला सुटते, सर.”

“अहो, अकरा वर्षं आहे तो आपल्याकडे. देवमाणूस आहे.”

“मग देवमाणसाला आज रिकामी व्हॅन घेऊन जाऊ दे.”

“मावशी, तुमचं काम झाडायचं. परिपत्रक बघायला आम्ही आहोत.”

इथे मात्र हेडसरांचा अंदाज चुकला. मुलांच्या सुरक्षेचं ते सतरा पानी परिपत्रक त्या इमारतीत एकाच माणसानं पुरतं वाचलेलं होतं. सूचनाफलकावर ते मावशीनंच चिकटवलं होतं, आणि शाळेचा डिंक इतका पातळ, की वाळेपर्यंत एकेक पान हातानं दाबून धरावं लागलं. नुसतं उभं राहून काय करायचं, म्हणून ती वाचत गेली.

“नऊ नंबरचा मुद्दा, सर. ज्याला कळेल त्यानं त्याच दिवशी पोलिसांना कळवायचं. शिपाई धरून, असं कंसात आहे. न कळवणाऱ्याचं काय होतं ते दहा नंबरला. ते पान जरा वर लागलंय, तुम्हाला सहज दिसेल.”

मग क्लार्कभाऊंनी टेबलावरचा फोन हळूच तिच्याकडे सरकवला. बारा निरंक एका बैठकीत उरकणाऱ्या माणसाकडून तिची एवढी अपेक्षा नव्हती.

मावशी उभ्यानंच बोलली. व्हॅनचा नंबर दिला, चिठ्ठी शब्दन् शब्द वाचून दाखवली.

“शाळेचं नाव, मावशी, शाळेचं नाव!” हेडसर कळवळून म्हणाले.

“सांगितलं, सर,” मावशी म्हणाली आणि फोन ठेवला.

पाच वाजले. पाच वाजून पाच झाले. शेवटची घंटा होईपर्यंत दप्तर घेऊन वर्गाबाहेर पडायचं नाही हा त्या शाळेचा सर्वांत जुना नियम, आणि तो आजवर कुणी मोडला नव्हता. दप्तरं पाठीला लावून सगळी शाळा बाकांवर बसून होती. फाटकाबाहेर व्हॅनचा हॉर्न वाजला. मग पुन्हा, आणखी लांबलचक वाजला. स्टुलावरच्या मुलीनं दोन्ही पाय वर घेतले.

“मावशी, घंटा!” हेडसर दारात आले.

“हातोडी सापडत नाही, सर.”

हातोडी तिच्या कमरेला खोचलेली होती. हेडसरांनी हातोडीकडे पाहिलं, मावशीकडे पाहिलं, मग स्टुलावर पाय पोटाशी घेऊन बसलेल्या मुलीकडे पाहिलं. तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

“मग शोधा,” ते अखेर म्हणाले. “सावकाश शोधा.” आणि आत जाऊन खुर्चीत बसले. क्लार्कभाऊ मुलीच्या आईला फोन लावत होते.

पाच बावीसला साध्या कपड्यांतल्या दोघी पोलीस आल्या. साध्या कपड्यांत यायचं, हे अकरा नंबरला लिहिलेलंच होतं. त्यांच्याबरोबरचा माणूस फाटकाकडे गेला. हॉर्न मध्येच थांबला. थोड्या वेळानं व्हॅन सुरू झाल्याचा आवाज आला, ती चालवत मात्र दुसराच कुणी होता.

दोघींपैकी एक मुलीशेजारी खाली फरशीवरच बसली. “तुझी आई वाटेत आहे. ती आली की बोलू. घाई नाही.”

मुलीनं मान डोलावली. मग मावशीला विचारलं, “शाळा सुटली?”

“घंटा कुठं झालीय अजून!” मावशीनं कमरेची हातोडी काढून तिच्या हातात दिली. “दोन्ही हातांनी धरायची. आणि जोरात. सगळ्यांना ऐकू गेलं पाहिजे.”

मुलगी स्टुलावर उभी राहिली. घंटाही मोठ्या माणसाच्याच हिशोबानं टांगलेली होती. हात पुरेना.

मावशीनं तिला उचललं.