प्रकार जुळला

घारपुरे सरांचं ऑपरेशन यशस्वी झालं. पण ते व्हायलाच नको होतं.

सकाळी सर रुग्णालयात आपल्या कंपनीचं नवं सॉफ्टवेअर सुरू करायला गेले आणि चाचणीपुरतं ऑपरेशनच्या यादीत स्वतःचंच नाव टाकून बसले. दहाच मिनिटांत, ते सॉफ्टवेअर तपासणारी टेस्ट लिहिणाऱ्या, ऑफिसात बसलेल्या केतकीचा फोन वाजला.

"अगं, मला स्ट्रेचरवर बांधलंय! ऑपरेशन दुसऱ्याचं आहे! तपासलंस तरी काय?"

"सॉफ्टवेअर यादीतून ज्याला निवडतं तो 'रुग्ण' या प्रकारातला आहे का, एवढंच."

"पण कोणता रुग्ण?"

"प्रकार जुळला की पुरे, असं तुम्हीच म्हणालात, सर."

फोन बंद झाला. केतकीने टेस्ट पुन्हा चालवली. पास.

दुपारी सरांनी खाटेवरून फोनवर सांगितलेला, रुग्णालयाला द्यायचा अर्ज तिने टाईप केला: "सदर अपेंडिक्स निरोगी असल्याने ते मूळ जागी पूर्ववत बसवून मिळावे, ही विनंती."