आवडाबाईची जबानी

“हरिहरपंत, या वाक्यात स्वल्पविराम कुठे?”

शिरस्तेदार अण्णांनी कागद पुढे सरकवला. अक्षर हरिहरपंतांचेच होते. महिन्यापूर्वी कळव्याच्या मिठागरावर, पंढरीचे प्रेत समोर असताना, त्याची आई आवडाबाई जे बोलली ते त्यांनी मोडीत भराभर टिपून घेतले होते. मोडीत कसली विरामचिन्हे! आता तोच मजकूर बालबोधीत उतरवून वरच्या कोर्टात जायचा होता, आणि नव्या साहेबाचा हुकूम होता की चिन्हांवाचून एकही कागद येता कामा नये.

‘रघूने कोयता घेऊन धावणाऱ्या पंढरीला बांधावर अडविले.’ पुढे झटापट झाली आणि कोयता पंढरीच्या पोटात गेला.

“‘रघूने’पुढे थांबलात तर कोयता पंढरीच्या हातात,” अण्णा म्हणाले. “‘घेऊन’पुढे थांबलात तर तो रघूच्या हातात. पहिल्यात रघू सुटतो, दुसऱ्यात लटकतो. बाई काय म्हणाली होती?”

हरिहरपंतांनी आठवून पाहिले. ऊन आठवले. माश्या आठवल्या. दौत सांडू नये म्हणून ती मांडीत घट्ट धरली होती, तेही आठवले. बाई बोलताना कुठे थांबली ते मात्र काही केल्या आठवेना. त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलेच नव्हते.

“तिलाच पुन्हा विचारलं तर?”

“त्या दिवसापासून ती बोलते कुठे? दोनदा कचेरीत उभी केली, ओठ हलला नाही. रघू म्हणतो मी रिकाम्या हाताने गेलो होतो, पण आरोपी दुसरं काय म्हणणार? पाहणारी ती एकटीच.” अण्णांनी चष्मा पुसला. “दुपारी टपाल निघेल. व्याकरणाने दोन्ही शुद्ध आहे. बरं दिसेल तिथे घाला नि मोकळे व्हा.”

हरिहरपंत आपल्या जागेवर येऊन बसले. बोरू दौतीत बुडवला, कागदावर नेला आणि तसाच मागे घेतला. असे तीनदा झाले. मग त्यांनी कागद घडी करून दौत-बोरूसकट उपरण्यात बांधला आणि कोणाला न सांगता ते खाडीकडे निघाले. साक्षीदाराच्या दारी कारकुनाने जाणे म्हणजे नोकरीवर धोंडा पाडून घेणे. होडीत बसेपर्यंत त्यांनी मागे वळून पाहिले नाही.

आवडाबाई झोपडीच्या दाराशी मिठाचे फावडे धूत बसली होती. पंढरीची बायको शेवंती आत चुलीपाशी होती. पांढरे उपरणे पाहताच ती बाहेर आली.

“आमी सांगतलं तवरा सांगतलं,” ती म्हणाली. “आता काय पायजे?”

“एकच गोष्ट,” हरिहरपंत म्हणाले. “आवडाबाई, तुझी जबानी मी लिहिली, पण नीट ऐकली नाही. चूक माझी आहे. आता वाचतो. तू बोलली नाहीस तरी चालेल, नुसती मान हलव.”

त्यांनी वाक्य एकदा ‘रघूने’पाशी थांबून वाचले. एकदा ‘घेऊन’पाशी थांबून वाचले. म्हातारीचा हात फावड्यावर थांबला. तिला फरक कळला होता.

शेवंतीलाही कळला. “आये, तू गप रव्ह,” ती घाईने म्हणाली. “माजा नवरा गेला. त्याला मारला तो मोकला फिरल. तू कायेक सांगू नको.”

पलीकडे मिठाच्या राशींवर ऊन चढत होते. मग महिनाभर न वापरलेल्या गळ्यातून घोगरा आवाज आला.

“माजे पंढरीला काय म्हनतील?”

हरिहरपंतांना खोटे बोलता आले असते. “ज्याच्या हातात कोयता,” ते म्हणाले, “तोच जीव घ्यायला निघाला होता, असं म्हणतील.”

“गेल्यावर पन?”

“कागदावर तसंच राहील.”

शेवंतीने म्हातारीचा खांदा धरला. आवडाबाईने तो हात हळूच काढला आणि आपल्या मुठीत धरून ठेवला. मान मात्र वर केली नाही.

“रघू रिकामे हातान आला व्हता,” ती म्हणाली. “‘पंढरी, टाक तो,’ असा आरडत आला व्हता.”

शेवंतीने तोंड फिरवले. तिचा हात अजून म्हातारीच्या मुठीतच होता.

हरिहरपंतांनी मांडीवर कागद पसरला, उपरण्यातली दौत उघडली आणि ‘रघूने’च्या पायाशी बोरू टेकवला.

“लिवलं?”

“लिहिलं.”

“दावा मना.”

तिला अक्षर येत नव्हते. त्यांनी कागद तिच्यासमोर धरला आणि बोटाने जागा दाखवली. आवडाबाई वाकली. ओल्या शाईकडे ती कितीतरी वेळ पाहत राहिली.

“एवराच?” ती म्हणाली.